बैलांच्या जुवाचे जोडे

आधी अंगावरचं सगळं उतरवा. वॉटरप्रूफ जाकीट, बॅटरीवर गरम होणारे हातमोजे, काळा गॉगल आणि पायातले ते ॲल्युमिनियमच्या चौकटीचे, तळाला पोलादी दाते असलेले स्नोशूसुद्धा. जिथे निघालात तिथे यातलं काही अजून जन्माला आलेलं नाही. सोबत एकच गोष्ट नेता येईल, पुढे काय घडणार याची माहिती. ती मात्र कुणाला सांगायची नाही.

तारीख १६ डिसेंबर १८४६, बुधवार, सकाळ. आभाळ स्वच्छ आहे, रात्री कडाक्याचं गोठलंय. तुम्ही सिएरा नेवाडाच्या पूर्व अंगाला, सुमारे ५,९०० फुटांवरच्या एका सरोवराकाठी उभे आहात. आजच्या नकाशात याला डॉनर लेक म्हणतात. त्या सकाळी ते ट्रकी लेक आहे. पलीकडचा कॅलिफोर्निया कागदोपत्री मेक्सिकोचा, पण त्यावरून लढाई जुंपलेली. इथल्या माणसांना त्याचं काहीही पडलेलं नाही. त्यांना पलीकडे जायचंय एवढंच.

समोरचं बर्फाचं टेकाड म्हणजे घर आहे. बर्फात खोदलेल्या पायऱ्यांनी खाली उतरा. आत धूर, अंधार आणि जळक्या केसांचा वास. बैलाच्या कातड्यावरचे केस विस्तवावर जाळायचे, मग ते कातडं तासन्‌तास उकळायचं, शेवटी भांड्यात सरस उरतो. तो खायचा. मुलं तो गिळताना तोंड फिरवतात. छपरावर पाणी अडवायला टाकलेलीही बैलांचीच कातडी आहेत. पुढच्या महिन्यांत तीही एकेक करून खाली येतील आणि भांड्यात जातील. कालच बेलिस विल्यम्स गेला. सरोवराकाठच्या घरांतला तो पहिला.

ही माणसं इथे कशी अडकली ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुस्तकांच्या राशी आहेत. इलिनॉय आणि आसपासची कुटुंबं, बैलगाड्या घेऊन कॅलिफोर्नियाला निघालेली. पुढे यांनाच डॉनर तांडा म्हणू लागले. लॅन्सफोर्ड हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने एक जवळचा रस्ता सुचवला होता. जुलैअखेर ती त्या रस्त्याला लागली. वासॅच डोंगरात झाडं तोडत गाड्यांना वाट करावी लागली, सॉल्ट लेकच्या वाळवंटात बैल गेले, आठवड्यांमागून आठवडे गेले. खिंडीपाशी पोचायला ऑक्टोबर सरला. आणि त्या वर्षी बर्फ लवकर आला. ऑक्टोबरअखेरीपासून ती खिंडीवर धडका मारत होती आणि दर वेळी छातीएवढ्या बर्फातून मागे येत होती.

आता दहा दिवस मागे सरका. ६ डिसेंबर.

ओंडक्यांच्या घराबाहेर एक म्हातारा बसलाय. वय ५७, नाव फ्रँकलिन ग्रेव्ज. जन्म व्हर्माँटच्या डोंगरातला. ईशान्येकडच्या त्या मुलखात हिवाळ्यात शेजाऱ्याकडे जायचं तरी पायाला स्नोशू बांधावे लागतात. त्यामुळे इथल्या अनेकांना जे माहीत नाही ते त्याला माहीत आहे: अशा बर्फात ताकद कामाची नाही, पायाचा तळ मोठा पाहिजे. शेजारी चार्ल्स स्टँटन मदतीला आहे. पॅट्रिक ब्रीन नावाचा आयरिश गृहस्थ २० नोव्हेंबरपासून रोजनिशी लिहितोय. या दोघांचा उद्योग त्याने त्यात नोंदवून ठेवलाय.

जवळ जाऊन नीट बघा, हे काम पुन्हा कुठे दिसणार नाही. आपल्याकडे जुवाला शिवळा असतात आणि बैलाच्या गळ्याखालून जोतं येतं. अमेरिकी जू वेगळं. त्यात शिवळा-जोत्यांऐवजी वाफेवर वाकवलेल्या चिवट लाकडाची नालासारखी कमान असते. ती बैलाच्या गळ्याखालून घालून दोन्ही टोकं वर जुवाच्या भोकांत अडकवतात. बैल मेले, खाऊन झाले, गाड्या बर्फाखाली गेल्या, पण या कमानी उरल्या. ग्रेव्ज एक कमान घेतो, उभी चिरतो, एकीच्या दोन हलक्या कमानी करतो. मग कच्च्या कातड्याच्या वाद्या कापायच्या आणि बाजेला सुंभ विणावं तशा त्या कमानीत आडव्यातिडव्या ओढून बसवायच्या. वादी ओलीच ओढायची, म्हणजे वाळताना ती आवळत जाते. पाऊल मधोमध, चवडा बांधलेला, टाच मोकळी. टाच बांधली तर चालणाऱ्याला दर पावलाला अख्खा जोडा उचलावा लागेल.

एकच खोट आहे आणि ती ग्रेव्जला माहीत असणारच. कच्चं कातडं कमावलेलं नसतं. वाळलं की लाकडासारखं, ओलं झालं की सैल. दिवसभर बर्फात चालल्यावर या वाद्यांचं काय होईल ते तुम्ही ओळखलंत. पण दुसरं आहे काय?

असे १४ जोड तयार होतात. माणसं निघतात १७.

या तांड्याने वाटेत घेतलेले बहुतेक निर्णय चुकीचे होते, असं माझं मत आहे. हा एक निर्णय सोळा आणे बरोबर होता. फक्त तो महिनाभर उशिरा झाला. २१ नोव्हेंबरला यांतलेच २२ जण, पायात काही न बांधता, खिंड ओलांडून पलीकडे उतरले होते. थंडीने वरचा थर टणक झाला होता, माणसांना तो पेलत होता. सोबतच्या खेचरांना मात्र पेलेना. सात खेचरं, सॅक्रमेंटोच्या जॉन सटरची. स्टँटन ती सोडून यायला तयार नव्हता. परक्याची जनावरं डोंगरात टाकून त्याच्या दारात कोणत्या तोंडाने जायचं? तांड्यातला विल्यम एडी चिडला, भांडण झालं, आणि सगळे परत फिरले. पुढे आलेल्या वादळात ती सातही खेचरं बर्फाखाली गेली, ती कुठे पुरली गेली तेही सापडलं नाही.

स्टँटनला नावं ठेवण्याआधी एवढं ऐका. हा ३५ वर्षांचा ब्रह्मचारी सप्टेंबरातच पुढे जाऊन सुखरूप कॅलिफोर्नियात पोचला होता. या तांड्यात त्याचं रक्ताचं कुणी नव्हतं. तरी तो सटरकडून खेचरांवर पीठ आणि मांस लादून, लुईस आणि साल्वादोर या मिवोक जमातीच्या दोन तरुणांना घेऊन डोंगर ओलांडून मागे आला. शब्द दिला होता म्हणून. आणि अडकला.

चला, निघायची वेळ झाली. १६ तारखेची सकाळ. तुम्ही अठरावे.

प्रत्येकाच्या पाठीवर एक घोंगडी. सगळ्यांत मिळून एक बंदूक, एक लहान कुऱ्हाड, थोडी कॉफी, थोडी साखर. वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या सहा दिवसांच्या. दोन बोटांएवढा तुकडा, दिवसातून तीनदा. पलीकडची पहिली वस्ती सहा दिवसांवर आहे, असा हिशेब. हिशेब करणाऱ्याने जमिनीवरचं अंतर मोजलंय.

निरोप बघू नका म्हटलं तरी बघाल. हॅरिएट पाइक, विशीही न गाठलेली विधवा, दोन लहान मुली आईच्या हवाली करतेय. अमँडा मॅककचनने तान्हं मूल मागे ठेवलंय. एडीने बायको आणि दोन मुलं. पॅट्रिक डोलन सडाफटिंग. त्याच्याजवळ बसून खायला पुरेल एवढं मांस आहे, पण ते मागे राहणाऱ्या मुलांसाठी ठेवून तो निघालाय. मागे राहिलं तर खाणारी तोंडं जास्त, पुढे गेलं तर निदान आपल्या वाटणीचं त्यांना मिळेल. जाणाऱ्या पाच बायकांपैकी तीन आया आहेत.

पहिलं पाऊल टाका.

गेलात ना गुडघ्यापर्यंत? जोडा पायात असून! हिवाळ्याच्या सुरुवातीच्या बर्फाची ही गंमत आहे, आणि डिसेंबरात पहिल्यांदा स्नोशू बांधणारा प्रत्येक जण अजूनही इथेच फसतो. त्याला वाटतं, हे बांधलं की बर्फावरून तरंगत जायचं. नुकत्याच पडलेल्या बर्फात दहातले नऊ भाग हवाच असू शकते. तो दबायला वेळ लागतो. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, वरून आणखी पडायचं, असं कित्येकदा झालं की वसंतात तो माणसालाच काय, खेचरालाही पेलतो. आत्ता तो कच्चा आहे. भाताच्या तुसाच्या ढिगात चालावं तसा पाय आत जातो, आणि बाहेर काढताना जोड्यावर साचलेला बर्फ घेऊन वर येतो. जोडे नसते तर कमरेपर्यंत गेला असतात. म्हणजे जोड्यांनी काम केलंय. तुम्हालाच जास्त अपेक्षा होती.

पाय फाकवून चाला. नेहमीसारखे पाय जवळ टाकलेत की एका जोड्याची कड दुसऱ्यावर पडते आणि तुम्ही तोंडावर. पडलात तर हात टेकून उठायला जाऊ नका, हात खांद्यापर्यंत आत जाईल. कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, एक जोडा सपाट टेकवा, मग उठा. दहा मिनिटांत मांडीच्या आतल्या बाजूचे असे स्नायू दुखायला लागतील, जे तुम्हाला आहेत हेच माहीत नव्हतं.

पुढे चालणारा सर्वांत जास्त दमतो. तो बर्फ दाबतो, मागच्याला थोडी पायवाट मिळते, त्याच्या मागच्याला अजून बरी. म्हणून पुढचा माणूस बदलत राहायचं. जोडे नसलेले तिघे, त्यात मर्फींची दोन मुलं, मुद्दाम शेवटी ठेवलेत, दाबलेल्या मागावरून यावं म्हणून. पण स्नोशूचा माग बिनजोड्याच्या पायाला पुरत नाही. त्याचं सगळं वजन तळव्याएवढ्या जागेत उतरतं आणि दाबलेला थर फुटतो. पहिल्याच दिवशी धाकटा विल्यम मर्फी आणि चार्ल्स बर्गर मागे फिरतात. थोरला, बारा-तेरा वर्षांचा लेम्युएल, चालत राहतो. त्याच्यासाठी मुक्कामावर खोगिराच्या कातड्यातून कसेबसे जोडे जुळवले जातात.

संध्याकाळपर्यंत सरोवराचं वरचं टोक येतं. अंतर साधारण चार मैल. पुण्यात डेक्कनवरून कात्रजपर्यंतही नाही.

दुसऱ्या दिवशी खिंड. समोर हजार फुटांहून उंच, ग्रॅनाइटची भिंतच म्हणा. उभ्या उतारावर आजच्या स्नोशूचे दाते बर्फात रुततात, टाचेखाली एक तार उचलली की चढ सपाट वाटतो. तुमच्या पायात गुळगुळीत लाकडाची कमान आहे. ती मागे घसरते. चवडा आपटून पायरी करायची, वजन टाकायचं, ती टिकते का बघायचं, मग दुसरा पाय. कातळाच्या कपारीवर बर्फाचं पातळ पांघरूण असतं, खाली काय आहे कळत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती फांद्यांच्या आडोशाने पोकळी राहते, तिच्यात पाय गेला तर माणूस गळ्यापर्यंत जातो. वाऱ्याच्या बाजूला बर्फ कमी, आडोशाला डोंगर. माथ्यावर तो बारा फूट असल्याचं वाचलेल्यांनी पुढे सांगितलं.

माथ्यावर पोचल्यावर मागे बघा. एवढं उघडं, एवढं सुंदर दृश्य तुम्ही क्वचित पाहिलं असेल. उपाशी माणसालाही ते दिसतं. ग्रेव्जची मुलगी मेरी पुढे अनेक वर्षांनी या चढाईविषयी लिहिणार आहे, आणि त्यात तिला हे दृश्य आठवणार आहे.

रात्रीची सोय अशी. बर्फावर ओले, हिरवे ओंडके शेजारी शेजारी आडवे टाकायचे आणि त्या थरावर आग पेटवायची. ओले ओंडके लवकर पेट घेत नाहीत, आग खाली उतरत नाही. जमीन बारा फूट खाली आहे, तिच्याशी तुमचा संबंध संपलाय. घोंगड्या पांघरून आगीभोवती गोल बसायचं. जोडे काढून आगीपासून हातभर दूर ठेवा. जवळ ठेवलेत तर वादी तडकेल, लांब ठेवलेत तर गोठून सकाळी पाय बांधता येणार नाही. दिवसभराच्या ओलीने जाळी मधे झोळीसारखी लोंबायला लागली आहे. ग्रेव्ज बोटाने दाबून बघतो, वाद्या पुन्हा आवळतो. काही बोलत नाही.

तिसऱ्या दिवसापासून स्टँटन मागे पडायला लागतो.

डोळे. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उन्हातला बहुतेक भाग परत फेकतो, म्हणजे ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून. बुबुळावरचा पातळ पडदा भाजून निघतो. दुखणं लगेच कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, उघडवत नाही. एखाद-दुसरा दिवस अंधारात काढला तर बरं होतं. स्टँटनला अंधारात बसायला दिवस नाही. तो सगळ्यांच्या मागून, मागाच्या आधाराने, चाचपडत येतो. मुक्कामावर तो पोचेपर्यंत इतरांची आग पेटून बराच वेळ झालेला असतो. मागे वळून त्याचा हात धरावा असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही फक्त बघायला आलात, काही बदलायला नाही.

२१ डिसेंबरच्या सकाळी तो विझत आलेल्या आगीपाशी चिलीम ओढत बसलाय. कुणीतरी विचारतं, येतोस ना? तो सांगतो, येतो मी, तुम्ही व्हा पुढे. सगळे निघतात. त्या दिवशी संध्याकाळी तो येत नाही.

इथून पुढे मी तुम्हाला नेणार नाही. या प्रवासाचं पुढचं प्रकरण लोकांना तोंडपाठ असतं, किंबहुना तेवढंच ठाऊक असतं, आणि त्यासाठीच सगळे इथवर येतात. वाट बर्फाखाली गेली होती, ती ओळखणारा स्टँटन मागे राहिला, लुईस आणि साल्वादोरलाही खुणा पटेनात. पश्चिमेला बेअर व्हॅलीकडे वळायचं ते अमेरिकन नदीच्या घळीकडे उतरले. नाताळच्या वादळात आग ओंडक्यांसकट बर्फात खचली. माणसं मेली, आणि उरलेल्यांनी मेलेल्यांचं मांस खाल्लं. ग्रेव्ज त्याच वादळात गेला. जिथे बर्फ विरळ झाला तिथे जोड्यांच्या वाद्याही भाजून खाल्ल्या गेल्या. बैलांचं जू, मग जोडे, मग जेवण.

लुईस आणि साल्वादोर यांना मात्र बर्फाने मारलं नाही. जानेवारीत सोबतच्याच विल्यम फॉस्टरने त्यांना बंदुकीने मारलं, खाण्यासाठी. ते दोघे या तांड्याचे कुणीही नव्हते. तांड्यासाठी अन्न घेऊन आले होते. आणि शेवटी उरलेल्यांना ज्या वस्तीने ओकच्या बियांच्या पिठाचं अन्न देऊन जगवलं, ती वस्ती मिवोकांचीच होती. डॉनर तांड्याच्या गोष्टी सांगणारे हा भाग एका वाक्यात उरकतात. मीही पाच वाक्यांतच सांगितला, हे खरं.

१७ जानेवारी १८४७ला एडी आधाराने चालत जॉन्सनच्या रँचवर पोचला. त्याच्या रक्ताळलेल्या पावलांच्या मागावरून लोक मागे गेले आणि बाकीच्या सहांना घेऊन आले. सहा दिवसांची वाट ३३ दिवस चालली होती. पुढे गेलेल्या १५ जणांपैकी सात वाचले. दहा पुरुष आणि मुलग्यांपैकी दोघे, पाच बायकांपैकी पाचही.

आणि त्या सातांनी बातमी पोचवली म्हणून मदतीची पहिली तुकडी निघाली. १८ फेब्रुवारीला ती सरोवराकाठी पोचली. खिंडीअलीकडे अडकलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं वाचली, त्याचं श्रेय मी तरी ग्रेव्जच्या त्या चौदा जोडांना देतो. कच्च्या बर्फात, कच्च्या कातड्याचे, आणि तरी ते खिंड ओलांडून गेले.

या आता परत, जाकीट घाला. तुम्ही सनीव्हेल किंवा फ्रीमाँटला राहत असाल तर हा मुलूख तुमच्या ओळखीचा आहे. बे एरियातली किती मराठी घरं दर हिवाळ्यात मुलांना बर्फ दाखवायला इंटरस्टेट ८० ने याच खिंडीजवळून टाहोकडे जातात. सरोवराकाठच्या डॉनर मेमोरियल स्टेट पार्कात १९१८चं स्मारक आहे. त्याचा चौथरा २२ फूट उंच आहे, त्या हिवाळ्यात बर्फ तेवढा चढला होता असं मानून तो बांधला. गाडी थांबवून तेवढं बघा. स्नोशू भाड्याने मिळतात, स्नो-पार्कचा पास आधी काढावा लागतो. पण डिसेंबरात जाणार असाल तर माझं ऐका: सिएरा अ‍ॅव्हलांच सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज वाचल्याशिवाय वाटेला लागू नका, ओढ्यावरच्या बर्फाच्या पुलावर भरवसा ठेवू नका, ढगाळ असलं तरी गॉगल काढू नका, आणि जेवढा वेळ जायला लागला तेवढाच यायला लागेल असं धरून दुपारच्या आत माघारी फिरा. आणि सोबतचा कुणी मागे पडून म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, तर होऊ नका.